जंगलातून रस्त्यांचं जाळं आखताना: जेसीबी येण्याआधीची कामं, क्रमाने

दिवाळी झाली की आमच्याकडे जेसीबीवाल्यांचे फोन वाजायला लागतात. वरच्या वाडीला रस्ता हवा, काजूच्या बागेला रस्ता हवा, सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या) पाण्याच्या टाकीला रस्ता हवा. जेसीबी येतो, चालकाला हात करून दिशा दाखवली जाते आणि आठ दिवसांत हिरव्या डोंगरावर लाल ओरखडा उमटतो. जुलैमध्ये त्याच रस्त्याचा व्हाळ, म्हणजे ओढा, होतो आणि माती खालच्या भातात उतरते. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूने नवा ओरखडा. पाच-सात वर्षांत एका डोंगरावर चार रस्ते होतात आणि पावसात चालेल असा त्यांतला एकही नसतो.

चूक जेसीबीची नाही, क्रमाची आहे. आपण आधी रस्ता कापतो, मग पाण्याला वाट शोधतो आणि शेवटी कागद बघतो. कोकणात हे बरोबर उलटं करावं लागतं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायती, वाड्या आणि बागायतदार यांना डोळ्यांसमोर ठेवून हे टप्पे लिहिले आहेत. एकही टप्पा गाळू नका, आणि मागचा पुढे घेऊ नका.

टप्पा १: यादी गरजांची करा, रस्त्यांची नाही

बैठकीत लोक रस्ते मागतात. तुम्ही विचारा, तिथे न्यायचं काय आहे आणि कोणत्या महिन्यात? आजारी माणूस आणि शाळेची मुलं बारा महिने जातात. आंबा-काजू मात्र पावसाच्या आधी खाली येतो. खत मेमध्येच वर नेऊन ठेवता येतं. म्हणजे बागेच्या रस्त्याला बारमाही असायची गरज नाही.

प्रत्येक ठिकाणापुढे तीनपैकी एक खूण करा:

- बारमाही: वस्ती, शाळा, आरोग्य उपकेंद्र.
- उन्हाळी: बागा, टाकी, लाकूड-चिऱ्याची वाहतूक. नोव्हेंबर ते मे पुरे.
- पायवाट: देऊळ, स्मशान, दोन घरांची वाडी. इथे जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) रस्त्यापेक्षा जास्त टिकते.

पहिल्या बैठकीत सगळेच 'बारमाही' म्हणतात. रेटून बसा, दुसरी बैठक घ्या. यादी आवरली की बहुतेक गावांना डोंगरावर एक कणा आणि दोन-तीन फाटे पुरतात.

तपासा: एकाच उतारावर दोन रस्ते एकमेकांपासून दोनशे मीटरच्या आत समांतर जात असतील तर त्यांतला एक पुसा. याला अपवाद मला आजवर सापडलेला नाही.

एक गोष्ट मात्र वाढवून धरा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडमध्ये झाडं पडून गावंच्या गावं अडकली. म्हणून वस्तीला बाहेर पडायची दुसरी वाट असावी. त्यासाठी दुसरा रस्ता कापू नका. जुनी पाणंद किंवा पाखाडी साफ ठेवून तिच्यावरून डोली किंवा मोटारसायकल जाईल एवढं बघा.

टप्पा २: जमीन कोणाची, आणि कागदावर जंगल आहे का

डोळ्यांना दिसतं ते जंगल आणि कागदावरचं जंगल यांत कोकणात मोठं अंतर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं आहे, झाडी बहुतेक खाजगी मालकीची. त्यामुळे 'आमचीच जमीन आहे, आम्ही कापू' असं म्हटलं जातं. तिथेच पाय अडकतो.

ज्या ज्या गटातून रेघ जायची शक्यता आहे त्या प्रत्येकाचा ताजा सातबारा काढा. मालकाचं नाव वाचून थांबू नका, 'इतर अधिकार' रकाना आणि जुने फेरफार वाचा. तिथे शोधायचं ते असं:

राखीव वन किंवा संरक्षित वन. अर्थ सरळ आहे, जमीन वन खात्याची.

खाजगी वन. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला. त्या कायद्यातली नोंद किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ ची जुनी नोटीस सातबाऱ्यावर दिसली तर पुढचं पाऊल वन विभागाला लेखी विचारूनच टाका.

वनसंज्ञा, म्हणजे नोंदीत वन म्हणून लागलेली जमीन. सिंधुदुर्गाला हा शब्द समजावून सांगायला नको. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मालकी कोणाचीही असो, नोंदीत किंवा शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने जे वन आहे त्याला १९८० चा वन कायदा लागतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाचे वेगळे निर्बंध आहेत. तिथे या टप्प्यावर थांबून आधी वन कार्यालय गाठा.

सामायिक नावं. चाळीस हिस्सेदार, त्यांतले पंचवीस मुंबईला. तोंडी होकारावर रेघ ओढू नका. गणपतीला सगळे गावी येतात, संमतीपत्रावर सह्या तेव्हाच घ्या. बांधावरून जाण्याच्या हक्काचा वाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेली वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ आहे. हे दोन्ही मार्ग कोर्टातल्या दाव्यापेक्षा लवकर संपतात.

इशारा: जागा ताब्यात आहे म्हणजे झाडं तोडता येतात असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या यादीत साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशी कोकणात पावलोपावली भेटणारी झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तुटत नाहीत.

टप्पा ३: कुठून जायचं नाही, ते आधी रंगवा

गावनकाशा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा आणि उपग्रह चित्र अशी तीन कागदं शेजारी घ्या. लाल पेन्सिलीने टाळायच्या जागा भरा. हिरवीने गाठायच्या.

लाल यादी कोकणात अशी होते:

देवराई. चर्चा नको, लालच. राईतल्या झऱ्यावर खालच्या वाड्यांच्या विहिरी जगतात. राईची हद्द सातबाऱ्यात बहुतेक वेळा पूर्ण उतरलेली नसते, ती गावकार आणि मानकऱ्यांना पायांखालची ठाऊक असते. त्यांना घेऊन हद्द चाला. नंतर देवळात कौल लावायची वेळ आणण्यापेक्षा हे बरं.

सड्याची कड. सडा सपाट, झाड नाही, कापणी नाही, म्हणून रस्त्याला मोह पडतो. सड्यावरून जायला हरकत नाही, पण कडेपासून चांगलं आत. जांभ्याच्या थराखाली पांढरट-गुलाबी चिकण माती असते. सड्यावर मुरलेलं पाणी त्या मातीवर येऊन थांबतं आणि कडेखाली झऱ्यांनी बाहेर पडतं. तिथे कापलंत की वरचा जांभा अधांतरी राहतो आणि एका पावसात दगडांसकट खाली येतो.

कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूर भागातल्या सड्यांवर ती विखुरलेली आहेत आणि २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कातळ दिसला की पावसाळ्यानंतर, गवत वाळल्यावर, तिरप्या उन्हात एकदा चालून बघा. दुपारच्या उन्हात रेघा दिसत नाहीत.

याशिवाय पाणवठे, जुनी सरकलेली जागा, आणि रस्ता खाडीकडे उतरत असेल तर कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा.

हिरवी यादी छोटी असते: खिंड, व्हाळ ओलांडायची अरुंद खडकाळ जागा, वळण घ्यायला पुरेल असं सपाट टेपाड. रस्ता म्हणजे हे हिरवे ठिपके जोडणं. तीन-चार चांगले ठिपके सापडले की अर्धी आखणी झाली.

टप्पा ४: चढाचं गणित कागदावर

घाटरस्त्याला १:२० चढ धरा. म्हणजे वीस मीटर चाललं की एक मीटर वर. थोड्या लांबीत १:१५ चालेल. उन्हाळी मातीच्या रस्त्यावर नाइलाजाने १:१०, तोही पन्नास-साठ मीटरपुरता. १:६ चा चढ काढून त्यावर काँक्रीट ओतायची रीत पडली आहे. रिकामी रिक्षा त्यावर चढते. भरलेला टेम्पो पावसात मागे घसरतो.

नकाशावर हे करायची पद्धत सोपी आहे. १:५०,००० च्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. १:२० चढाने २० मीटर चढायला ४०० मीटर चालावं लागतं, आणि ४०० मीटर म्हणजे त्या नकाशावर ८ मिलिमीटर. कंपासपेटीतला कर्कटक ८ मिलिमीटरवर उघडा. खालच्या हिरव्या ठिपक्यावर एक टोक ठेवा, दुसरं टोक पुढच्या समोच्च रेषेला लागेल तिथे खूण करा, आणि असंच रेषेमागून रेष चढत जा. १:१५ साठी कर्कटक ६ मिलिमीटर.

एकच रेघ काढून समाधान मानू नका. तीन काढा: एक खालून वर, एक वरून खाली, एक लाल जागांना सगळ्यांत लांब ठेवून. वळणं मोजा. प्रत्येक नागमोडी वळणाला आतली त्रिज्या १४ मीटर धरा. एसटी वळायची असेल तर यात तडजोड नाही. असं वळण डोंगराचा मोठा तुकडा खातं, म्हणून कमी वळणांची रेघ लांबीने थोडी जास्त असली तरी झाडं कमी घेते.

तपासा: तिन्ही रेघा लाल भागातून गेल्याशिवाय वर पोचत नसतील तर खालचा किंवा वरचा ठिपका चुकीचा आहे. चढ वाढवू नका, ठिपका बदला.

टप्पा ५: भर पावसात एकदा चाला

हा टप्पा सगळे गाळतात, आणि रस्ते पडतात ते यामुळेच. जमीन आखायची उन्हाळ्यात, पण पाणी बघायचं आषाढात. दोघं-तिघं जण, कोयती, घोंगडं किंवा इरलं, आणि नकाशाची प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत. सलग दोन-तीन दिवस झोडपल्यावर निघा, उघडीप पाहून नव्हे.

बघायचं ते असं. उन्हाळ्यात जिथे नुसती पानं पडलेली असतात तिथून आता किती रुंद पाणी वाहतं? ते मोजा, डोळ्यांनी नाही, काठीने. काठावरच्या झाडांना अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे, ती पुराची खूण. ती झाडाच्या सालीवर खडूने नको, वहीत लिहा. जमिनीतून पाणी उमळतं त्या प्रत्येक जागेवर थांबा. पायाखाली माती थुलथुलते का? झाडांची खोडं बुंध्याशी वाकून वर सरळ झाली आहेत का? अशी झाडं सांगतात की ही जमीन हळूहळू खाली सरकते आहे.

मी एकदा हा फेरा टाळला होता. मार्चमध्ये आखलेली रेघ, सुंदर १:२०, एकही मोठं झाड नाही. झाड का नाही हे मी विचारलं नाही. ऑगस्टमध्ये गेलो तर त्या शंभर मीटरच्या पट्ट्यात गुडघाभर चिखल, आणि त्यात मेमध्ये टाकलेला मुरूम गायब झालेला. गावातली एक वयस्कर बाई म्हणाली, "तिथे आम्ही गुरंसुद्धा नेत नाही, रुततात." मार्चमध्ये तिच्या अंगणातच मी चहा प्यायलो होतो.

म्हणून गुराख्यांना, मध काढणाऱ्यांना, लाकडाला जाणाऱ्या बायकांना सोबत घ्या. त्यांना नेमकं विचारा: २००५ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं होतं? २०२१ च्या २२ जुलैला, चिपळूण बुडालं त्या दिवशी, या व्हाळाचं काय झालं होतं? कुठला कडा तेव्हा सुटला? 'पाऊस जास्त होता का' असं विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर मिळेल.

जनावरांच्या वाटाही याच फेऱ्यात टिपा. गवे, रानडुकरं आणि बिबटे व्हाळाच्या काठाने आणि खिंडीतून जातात. ओल्या मातीत खूर आणि पंजे स्पष्ट उठतात. तिथे पुढे उंच कापणी येणार असेल तर रेघ थोडी हलवा, नाहीतर जनावर रस्त्यावर उडी टाकतं आणि दोघांचाही जीव जातो.

टप्पा ६: रेघ जमिनीवर उतरवणं

गवत वाळल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात. महागडं यंत्र हवंच असं नाही. दहा मीटरची न ताणणारी दोरी, दोन सारख्या उंचीच्या काठ्या, आणि गवंडी वापरतो ती पाण्याची लेव्हल नळी. १:२० म्हणजे दहा मीटरला ५० सेंटिमीटर. एका काठीवर वरून ५० सेंटिमीटर खाली लाल पट्टी बांधा. ही पट्टीवाली काठी वरच्या बाजूच्या माणसाकडे द्या. खालच्याच्या काठीचं टोक आणि वरच्याची लाल पट्टी नळीतल्या पाण्याला एका पातळीत आली की चढ बरोबर. वरच्याने तोवर डावीकडे-उजवीकडे, म्हणजे डोंगराकडे किंवा दरीकडे सरकत राहायचं, पुढे-मागे नाही. जागा मिळाली की खुंटी ठोका, झाडाला रिबन बांधा. मोबाईलवरच्या कोन मोजणाऱ्या ॲपने पडताळायचं तर १:२० म्हणजे सुमारे ३ अंश.

अशी खुंट्यांची माळ पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशी ती उलट दिशेने चाला. वरून खाली येताना वेगळंच दिसतं. मोठं झाड आडवं आलं तर रेघ दोन-तीन मीटर हलवता येते का बघा. बहुतेक वेळा येते.

दोन रंग वापरा: रस्त्याच्या मध्याला पिवळी रिबन, कापणी जिथे संपेल तिथे लाल. जेसीबीच्या चालकाला कळतो तो लाल रंग.

इशारा: झाडांवर कुऱ्हाडीने खुणा करू नका. परवानगी मिळायच्या आधीची ती खूण तोड समजली जाऊ शकते, आणि झाडालाही जखम होते.

टप्पा ७: रुंदी आणि मातीचा हिशेब

लोक विचारतात, रस्ता किती मीटरचा? विचारायला हवं, डोंगर किती मीटर कापला जाणार?

उतार १:२ आहे असं धरा, म्हणजे दोन मीटर आडवं गेलं की एक मीटर उंची. गटारासकट साडेचार मीटरची जागा पूर्ण कापून काढायची आहे. कातळात कापणी उभी राहिली तर भिंत सव्वादोन मीटरची होते. माती असेल आणि ती ४५ अंशात तिरकी सोडायची असेल तर कापणी साडेचार मीटर उंच जाते आणि डोंगरावर एकूण नऊ मीटरचा पट्टा उघडा पडतो. रस्ता तोच, जंगल दुप्पट गेलं.

या आकड्याचा परवानगीशी थेट संबंध आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली गावाच्या सोयीसाठी शासनाने करायच्या रस्त्याला वनजमीन मिळू शकते, पण एक हेक्टरपेक्षा कमी, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता. नऊ मीटर रुंदीने एक किलोमीटर म्हणजे ०.९ हेक्टर. अर्जात 'साडेचार मीटर रस्ता' लिहून दोन किलोमीटर मागितले आणि जागेवर नऊ मीटर कापलं, तर वनरक्षकाच्या टेपला ते पहिल्याच दिवशी दिसतं.

आता माती. उभी कापणी धरली तरी शंभर मीटर लांबीत पाचशे घनमीटरहून जास्त माती निघते, आणि सुटी झाली की फुगून सव्वापट होते. ही माती जाणार कुठे, हे जेसीबी बोलवायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. दरीत ढकलणं ही आपल्याकडची सगळ्यांत महाग चूक. खालच्या झाडांचे बुंधे गाडले जातात आणि दोन-तीन वर्षांत ती उभी सुकतात. सुटी माती पहिल्या पावसात व्हाळात, तिथून मळ्यात. ज्याच्या भातात ती जाते तो माणूस पुन्हा कधी संमतीपत्रावर सही करत नाही.

मंद उतारावर अर्धी कापणी, अर्धा भराव चालतो, पण भरावाखालचं गवत-मुळं काढून, पायऱ्या कापून, थर दाबत. उतार ३० अंशांच्या वर गेला की भराव टिकत नाही. तिथे पूर्ण कापा आणि माती ट्रॅक्टरने ठरलेल्या सपाट जागी न्या. खर्च वाढतो. तो परवडत नसेल तर त्या उतारावर रस्ता परवडत नाही, रेघ बदला.

तपासा: मुरूम आणि दगड बाहेर नेणार किंवा विकणार असाल तर गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. तहसील कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

टप्पा ८: पाण्याची वाट

टप्पा पाचमधली वही काढा. रेघ जिथे जिथे पाण्याला छेदते त्या प्रत्येक जागेला क्रमांक द्या. लहान ओहोळसुद्धा सोडू नका. दोन ओहोळ गटाराने एकत्र करून एका मोरीत (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या वाटेत) घालायचा मोह होतो, पैसे वाचतात. पण दुप्पट पाणी एका जागी सोडलं की मोरीच्या खाली डोंगर फाटतो. जिथलं पाणी तिथेच खाली सोडा.

मोरी किती मोठी? ढोबळ हिशेब असा: क्षेत्र हेक्टरमध्ये, पाऊस तासाला मिलिमीटरमध्ये, आणि वाहून जाणारा हिस्सा, या तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागा. उत्तर सेकंदाला घनमीटर. सहा हेक्टर जंगल, तासाला १०० मिलिमीटरचा झोत, हिस्सा ०.६ धरला तर बरोबर १ घनमीटर. तेवढाच उघडा कातळ असेल तर हिस्सा ०.८५, म्हणजे १.४. ९०० मिलिमीटरचा पाईप पूर्ण भरून वाहिला तर एक ते सव्वा घनमीटर नेतो. पण जंगलातला पाईप रिकामा नसतो, त्यात पानं, फांद्या, एखादा ओंडका असतोच. म्हणून मी ९०० च्या खाली जात नाही, आणि हिशेब ९०० वर काठावर आला तर स्लॅबची मोरी घेतो. सहा इंची पीव्हीसी पाईप घालून त्यावर माती लोटणं म्हणजे जुलैत रस्ता स्वतःच्या हाताने फोडणं.

रुंद, उथळ व्हाळावर पाईपची रांग घालू नका. दगडी किंवा काँक्रीटची फरशी करा, पाणी तिच्यावरून जाऊ द्या. वर्षातले काही तास वाहतूक थांबेल. उन्हाळी रस्त्यावर तेही नाही.

आणि मोरीचा तळ व्हाळाच्या तळाच्या खाली ठेवा. पाईपचं तोंड अधांतरी राहून पाणी धारेने पडत असेल तर पहिल्या पावसात वर चढणारे मासे तिथेच अडतात. चढणीचे मासे ज्या व्हाळात लहानपणी पकडले, त्यात आता का येत नाहीत असं गावात विचारलं जातं. वरच्या रस्त्याच्या मोऱ्यांची तोंडं एकदा जाऊन बघा.

रस्त्याचा आडवा उतार: उन्हाळी मातीच्या रस्त्याला दरीकडे ४ टक्के, म्हणजे पाणी गटाराशिवाय पसरून निघून जातं. बारमाही रस्त्यावर, विशेषतः शेवाळ धरणाऱ्या सावलीत, दुचाकी दरीकडे घसरते. तिथे उतार डोंगराकडे आणि गटार. चढाच्या लांबीत पाणी तोडायला आडवे उथळ चर ठेवा: १:२० ला साधारण ४० मीटरवर एक, १:१० ला २० मीटरवर एक. प्रत्येक चराच्या तोंडाशी दगड रचा, नाहीतर तिथूनच घळ सुरू होते.

कापणीच्या वर पाणी अडवायला चर खणायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बांधीव असेल तरच खणा. चिकण मातीत कच्चा चर म्हणजे डोंगराच्या डोक्यात पाणी मुरवणं, आणि दरड तिथूनच सुटते.

टप्पा ९: अर्ज

रेघ, रुंदी, झाडांची मोजदाद आणि मोऱ्यांची यादी हातात आल्यावरच अर्ज करा. आधी अर्ज, मग रेघ असं केलं की जागेवरची पाहणी आणि कागद जुळत नाहीत आणि फाईल परत येते.

वस्तीचा सार्वजनिक रस्ता आणि वर सांगितलेल्या मर्यादेत असेल तर कलम ३(२): ग्रामसभेचा ठराव, कोरमच्या नोंदीसह, मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची पाहणी, मग उपवनसंरक्षक. बागेचा खाजगी रस्ता यात बसत नाही. तो 'गावाचा रस्ता' म्हणून घुसवू नका, सगळ्या गावाचा अर्ज त्याच्यामुळे अडतो. मर्यादेबाहेरच्या वनजमिनीसाठी १९८० च्या वन कायद्याखाली केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरून प्रस्ताव जातो आणि वेळ लागतो. एका हंगामात होईल असं कोणालाही कबूल करू नका.

टप्पा १०: कामाचा क्रम

परवानगी हातात, मग यंत्र. झाडं मोजून तोडा, बुंध्यांवर क्रमांक ठेवा. सगळ्यांत आधी मोऱ्या आणि फरश्या, मग कापणी, ती खालून वर, एका वेळी शंभर-दोनशे मीटर. एवढ्याचं गटार झाल्याशिवाय पुढे कापू नका. चालकाला लाल रिबन दाखवायला गावचा एक माणूस दिवसभर तिथे उभा हवा. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासात सर्वांत जास्त चुका होतात, तेव्हा तर हवाच.

१५ मेनंतर नवी कापणी बंद. मृग ७-८ जूनला लागतो आणि वळीव त्याच्याही आधी येतो. उरलेले दिवस गटारं, चर, तोंडाचे दगड यांना. उघड्या उतारावर मेच्या शेवटी गवताचं बी आणि निरगुडीची छाटं लावा.

टप्पा ११: पहिला पावसाळा, आणि बंद करायचे रस्ते

पहिल्या वर्षी डांबर नको. एक पावसाळा रस्ता बसू द्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात फावडं घेऊन पूर्ण लांबी चाला, मोऱ्यांची तोंडं मोकळी करा, पाणी जिथे ठरलेली वाट सोडतं तिथे खुंटी ठोका. हीच फेरी जुलैत आणि ऑगस्टमध्ये. कापणीच्या वर जमिनीत भेग दिसली तर त्या दिवसापासून वाहतूक बंद, मग दुरुस्ती. ऑक्टोबरात खुंट्या मोजा, डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात त्या जागा आधी.

लाकूड किंवा चिरा बाहेर काढायला केलेला तात्पुरता रस्ता काम संपलं त्याच मेमध्ये बंद करा. तोंडाशी मोठे दगड लावून अडवा, नाहीतर रात्री खैराची तोड सुरू होते आणि उन्हाळ्यात वणवा त्याच वाटेने आत जातो. तात्पुरते पाईप उपसून व्हाळ मोकळा करा. दाबलेली जमीन नांगराच्या फाळाने किंवा जेसीबीच्या दातांनी उकरा, दर वीस मीटरवर आडवा चर काढा, आणि गावनकाशाच्या प्रतीवर त्या रेघेवर तारीख घालून 'बंद' लिहा. ती प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा. दहा वर्षांनी कोणी जेसीबीवाल्याला फोन करायच्या आधी ती बघेल.